माग त्याचा, सूत माझं

उत्पादनाची साधनं कष्टकऱ्याच्या हाती आली की शोषण संपतं, हा साम्यवादाच्या पहिल्या इयत्तेतला धडा. माणसाच्या नावावर मालमत्ता झाली की तो कष्ट करून वर येतो, हा भांडवलशाहीच्या पहिल्या इयत्तेतला. दोन्ही पुस्तकं बगलेत मारून बुऱ्हाणपूरला या. इथे हजारो यंत्रमाग आहेत. त्यांतले पुष्कळसे विणकराच्या स्वतःच्या मालकीचे आहेत आणि त्याच्याच घरात, तो जिथे झोपतो त्या खोलीच्या भिंतीला लागून उभे आहेत. साधन त्याचं, मालमत्ताही त्याचीच. तरी तो मीटरमागे पैशांत मोजलेली मजुरी घेतो, आणि ही मजुरी देणाऱ्याच्या घरात बहुधा एकही माग नसतो.

या कोड्यावर दोन माणसांना बोलायला बसवलं आहे. माणसं कल्पित आहेत, ती सांगतात त्या घटना आणि आकडे मात्र खरे. घर बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातलं. काकांचा सुताचा व्यापार. काही विणकरांना ते ताण्याचं बीम आणि बाण्याचं सूत देतात आणि विणून आलेल्या कापडाची मजुरी चुकवतात, काहींना सूत उधारीवर विकतात आणि त्यांचं कोरं कापड स्वतःच उचलतात. पुतणी पुण्याला अर्थशास्त्र शिकली. तिची फी कुठून आली हे तिला ठाऊक आहे, आणि त्याची आठवण काका करून देत नाहीत, एवढा मोठेपणा त्यांच्यापाशी आहे. आजोबा ताप्ती मिलमध्ये साळखात्यात (विणाईच्या खात्यात) होते, म्हणजे दोघांच्याही मागे एक गिरणी उभी आहे. काकू हिशेबाची वही ठेवतात. त्या वादात नाहीत.

पुतणी : काका, रागावू नका, पण एक आकडा ऐका. 2022-23 साली देशाच्या एकूण उत्पन्नातला 22.6 टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे गेला. संपत्तीतला वाटा तर 40.1 टक्के. पिकेटी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1922 पासूनचा हिशेब लावलाय. उत्पन्नाचं म्हणाल तर इंग्रजांच्या राज्यातही वरच्यांच्या ताटात एवढं पडत नव्हतं.

काका : आणि सगळ्यात कमी कधी पडलं?

पुतणी : 1982 च्या सुमाराला. सहा टक्क्यांच्या आसपास.

काका : ते 1982 मी बघितलंय. स्कूटरला नंबर लावायचा, फोनला नंबर लावायचा, सिमेंटला परमिट. त्याच्या आधीच्या दशकात तर प्राप्तिकराचा वरचा दर 97.75 टक्क्यांपर्यंत गेला होता. शंभरातले सव्वादोन रुपये घरी न्या म्हणे. कोण शहाणा उत्पन्न दाखवेल? वरचा टक्का गरीब नव्हता गं, कागदावर गरीब होता.

पुतणी : मान्य. कराच्या कागदावरून काढलेल्या आकड्याला ती मर्यादा आहेच. पण लपवावं लागत होतं, यालाही काही अर्थ होता ना? 1985 मध्ये मृताच्या इस्टेटीवरचा कर गेला. 2015 च्या अर्थसंकल्पात संपत्ती करही गेला. आता बापाची कोठी, शेअर, जमीन पोराकडे जाते तेव्हा सरकार आडवं येत नाही. आणि विणकराचा पोरगा बापाकडून काय घेतो? जुना माग आणि बाकी.

काका : बाकी माझ्याकडची, असं म्हणायचंय तुला.

पुतणी : कुणाकडची तरी असतेच.

काका : मग माझंही एक ऐक. तुमच्या त्या समतेच्या वर्षी, 18 जानेवारी 1982 ला, मुंबईच्या गिरण्यांत दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरणीचं कापड थांबलं, पण लोक कापड घालायचे थांबले नाहीत. मागणी वळली भिवंडीला, मालेगावला, इचलकरंजीला, अशा सगळ्या लूमच्या गावांना. सेठलोकांची एक अख्खी पिढी त्या संपानं उभी केली. कामगारांच्या लढ्यातून व्यापारी जन्माला आले, हे तुमच्या पुस्तकात कुठे लिहिलंय?

पुतणी : लिहिलेलं नाही, पण कारण सांगता येतं. गिरणीत पगार, रजा, प्रॉव्हिडंट फंड, विमा, युनियन. लूमवर यातलं काही नाही. विजेवर चालणाऱ्या जागी ठरावीक माणसं झाली की कारखान्याचा कायदा लागतो, म्हणून इथे शेडच्या मधे भिंत घालतात आणि अर्धे लूम भावाच्या नावावर, अर्धे बायकोच्या नावावर करतात. गिरणीचं कापड महाग नव्हतं काका, त्यात माणसाची खरी किंमत धरलेली होती. लूमचं स्वस्त आहे, कारण त्यातून ती वजा केलीय.

काका : खरी किंमत धरलेली गिरणी कुठे आहे आज?

हा प्रश्न बुऱ्हाणपुरात सहज विचारला जात नाही, कारण त्याचं उत्तर लालबागला स्टेशनजवळ उभं आहे. ताप्ती मिल विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. खासगी मालकांना ती झेपेनाशी झाली, तेव्हा 1974 च्या कायद्यानं देशातल्या 103 आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यांत ही आली आणि राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि महामंडळाच्या गिरण्यांबरोबर इथलेही साचे थांबले. टाळेबंदी उठली, पण साचे काही सुरू झाले नाहीत.

काका : ती कुणाची होती सांग. सेठची? नाही. 1974 नंतर ती तुमच्या भाषेत जनतेची होती. अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, त्या दिवशी घरी येऊन म्हणाले होते, आता मिल आपली झाली. किती आपली झाली? कुठला साचा बदलायचा, कुठला माल काढायचा, कुणाला विकायचा, हे दिल्लीहून यायचं. बंद करायचंही तिकडूनच आलं. मालक बदलला, पण मस्टरवर सही करणाऱ्याला काही कुणी विचारलं नाही.

पुतणी : हे मला मान्य करावं लागेल. पण सरकारची मालकी म्हणजे समाजवाद, असं मी म्हटलंच नव्हतं.

काका : तू नाही म्हटलंस. पन्नास वर्षं बाकी सगळ्यांनी म्हटलं.

पुतणी : बरं, मग नेपानगरचं काय म्हणता? 1947 साली कागदाची ती गिरणी खासगी लोकांनी काढली ना? त्यांना पुरी करता आली नाही. 1949 मध्ये प्रांताच्या सरकारनं हातात घेतली, तेव्हा कुठे 1956 मध्ये नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाली. वर्तमानपत्राचा कागद करणारा देशातला पहिला कारखाना. सातपुड्याच्या कुशीत, जिथे कुठलाही सेठ दहा-पंधरा वर्षं नफ्याची वाट बघत बसला नसता.

काका : आणि बाहेरचा स्वस्त कागद यायला लागल्यावर?

पुतणी : अडचणीत आली. 2016 मध्ये उत्पादन थांबवलं, पुन्हा पैसा घातला, 2022 मध्ये परत सुरू केली.

काका : कुणाचा पैसा?

पुतणी : तुमचा-माझा. आणि आजारी खासगी कंपन्यांची बँकांनी बुडीत धरलेली कर्जं, ती कुणाच्या पैशानं भरून निघाली?

दोघं इथे थोडा वेळ गप्प. एकाच जिल्ह्यात सरकारी मालकीचे दोन नमुने आणि दोन्हींतून दोघांनाही हवा तो निष्कर्ष काढता येतो. माझं मत विचाराल तर नेपाचा पूर्वार्ध पुतणीचा आहे, ताप्ती मिलचा उत्तरार्ध काकांचा.

काका : तुम्हा पोरांना त्या लाल झेंड्याचं एवढं आकर्षण का, हे मला खरंच समजून घ्यायचंय. रशिया 1991 मध्ये संपला. चीन 1978 पासून आमच्यासारखाच धंदा करतो, आमच्यापेक्षा बरा करतो. मग तुम्ही कशाच्या प्रेमात आहात?

पुतणी : रशियाच्या नाही. काका, पुण्यात मी ज्या खोलीत राहते तिचं भाडं माझ्या अर्ध्या पगाराइतकं आहे. माझ्याबरोबर शिकलेली मुलं मोबाइलवरच्या ऑर्डरी पोचवतात. सगळे सांगतात, अजून मेहनत कर, कौशल्य वाढव, सकाळी पाचला ऊठ. एक मार्क्स तेवढा सांगतो की हा तुझा दोष नाही. गरिबी हे नशीब नाही, कुणाच्या तरी वहीतला जमेचा आकडा आहे. हे ऐकल्यावर अपमान थोडा कमी होतो.

काका : दिलासा म्हणून चांगलं आहे. औषध म्हणून?

पुतणी : निदान रोगाचं नाव तरी घेतलं.

काका : मग माझ्या बाजूचं आकर्षणही ऐक. आपल्याकडचा कुठलाही विणकर घे. त्याला सेठ नकोय असं तुला वाटतं. त्याला सेठ नको नसतो, त्याला सेठ व्हायचं असतं. दोन लूमचे चार, चाराचे आठ, मग एक दिवस स्वतःचं सूत. शंभरातला एखादा होतोही. त्या एकाकडे बघून नव्याण्णव जण रात्रपाळी काढतात.

पुतणी : त्यालाच लॉटरी म्हणतात.

काका : लॉटरीत घाम गाळावा लागत नाही. आणि तुमच्या कॉम्रेड लोकांनी सगळ्यांना एकच तिकीट दिलं, ते कोरं.

पुतणी : हे टाळ्यांचं वाक्य झालं. गोदावरी परुळेकर 1945 मध्ये तलासरी-डहाणूत गेल्या, तेव्हा वारली माणसाला जमीनदार लग्नाच्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेत होता. ती वेठ मोडली ती लाल बावट्यानं. तिथे बाजार येऊन मजुरी वाढवेल म्हणून वाट बघितली असती, तर अजून बघत असते.

काका : ते मी नाकारत नाही. वेठ मोडणाऱ्याला माझा नमस्कार. पण तुझ्याच लोकांना एक प्रश्न आंबेडकरांनी विचारला होता. 1928 च्या मुंबईतल्या संपाच्या वेळी. गिरणीत बरा पगार साळखात्यात. तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नव्हते. का? तर सूत तुटलं की ते तोंडानं ओढून जोडावं लागतं, आणि त्याच्या थुंकीचा धागा बाकीच्यांना चालत नव्हता. मालकाला चालला असता कदाचित, कामगार बंधूंना चालत नव्हता. जगातले कामगार एक व्हायचे तेव्हा होतील, आधी एका खात्यातले तरी झाले का?

पुतणी : हा प्रश्न मला झोंबतो. आमच्या अभ्यासमंडळात तो शेवटी येतो आणि तोवर चहा आलेला असतो.

काका : अण्णा साळखात्यात होते. त्यांनी हे कधी सांगितलं नाही. मला पुस्तकात वाचावं लागलं.

साम्यवादावरचा हा आक्षेप बाजाराची बाजू घेत नाही, हे काकांच्याही लक्षात आलेलं दिसत नाही. बाजारानंही ती थुंकी धुतली नव्हती. मालकाला स्वस्त हात हवे असतात हे खरं, पण त्याला शांत खातंही हवं असतं, आणि शांततेसाठी त्यानं भेदभाव मुकाट चालू दिला. आंबेडकरांनी 1956 च्या नोव्हेंबरात काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. दुःख आहे, शोषण आहे, हे दोघांनाही दिसलं, आंबेडकरांचा झगडा मार्क्सच्या मार्गाशी होता. जबरदस्तीनं आणलेली समता जबरदस्ती उठली की टिकेल का, हा त्यांचा सवाल होता. पस्तीस वर्षांनी मॉस्कोत त्याचं उत्तर मिळालं.

पुतणी : काका, हे शहर श्रीमंत कशानं झालं?

काका : कापडानं. दुसरं काय होतं इथे? तावेर्निये आला होता शहाजहानच्या काळात. लिहून ठेवलंय त्यानं, इथलं मलमल आणि छिटं इराण, तुर्कस्तान, पार रशिया-पोलंडपर्यंत जायची.

पुतणी : आणि विणणारा? तो कुठवर गेला?

काका : इथेच राहिला.

पुतणी : त्या वेळीही व्यापारी आधी दादनी द्यायचा, आगाऊ पैसे. घेतले की कापड त्यालाच घालायचं, त्यानं ठरवलेल्या भावात. इंग्रजांची वखार आली, तिनंही तेच केलं. माग तेव्हाही विणकराचाच होता, काका. चारशे वर्षं माग त्याचाच आहे.

काका : म्हणजे मी इंग्रज झालो.

पुतणी : तुम्ही काका आहात. पण पद्धत तीच आहे. आणि याच गावात 1630 ते 32 चा दुष्काळ पडला. दख्खन आणि गुजरात ओस पडले. पीटर मंडी नावाचा इंग्रज त्या वेळी सुरतेहून आग्र्याला याच वाटेनं गेला, रस्त्याकडेला मढी पडलेली त्यानं पाहिली. बादशहा इथेच मुक्कामाला होता. त्यानं लंगर उघडले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये वाटायला लावले. वीस सोमवार. एक लाख. 1631 च्या जूनमध्ये इथेच मुमताजमहल गेली, आणि पुढच्या वर्षी आग्र्याला कबरीचं काम निघालं. तिच्यावर किती लाख लागले असतील ते तुम्हीच सांगा.

काका : त्यानं सारा माफ केला होता, तेही सांग.

पुतणी : केला होता. म्हणून तर म्हणते, दयाळू राजा होता. आजही मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करायला लावणारा 2013 चा कायदा आहेच. सोमवारचे पाच हजार.

काका : ते राजाचं राज्य होतं, त्याला भांडवलशाही म्हणू नको. आणि दुष्काळ मोजायचेच असतील तर सगळे मोज. 1932-33 मध्ये युक्रेनमध्ये सेठ नव्हता, सावकार नव्हता, जमीनदार नव्हता. लाखो मेले. 1959 ते 61 चीनमध्ये तेच, त्याहून मोठं. तिथे धान्य कमी पडलं हे वर कळवायची कुणाची छाती नव्हती. अमर्त्य सेन सांगतात ना, निवडणुका आणि वर्तमानपत्रं असलेल्या देशात मोठा दुष्काळ टिकत नाही? सेठला हाकलणं सोपं आहे. त्याच्या जागी जो येतो त्याला शिव्या घालायची सोय राहते का, ते आधी बघ. मला तू माझ्याच ओट्यावर बसून शिव्या घालतेयस.

पुतणी : आणि तुमच्याच चहावर. मान्य. जिथे सेठला शिव्या देता येत नाहीत असा समाजवाद मला नको.

काका : मग राहिलं काय तुझ्या साम्यवादात?

पुतणी : हिशेब राहिला. तुम्ही मजुरी मीटरवर देता. वीज कुणाची?

काका : त्याची.

पुतणी : जागा?

काका : त्याची.

पुतणी : धोटा तुटला, मोटर जळली?

काका : त्याची.

पुतणी : कापडात डाग निघाला, तार सुटली?

काका : मजुरीतून कापतो. सगळेच कापतात.

पुतणी : मंदी आली?

काका : मग बीम देत नाही.

पुतणी : गिरणीचा मालक मंदीत निदान बिल्डिंगचं भाडं आणि कामगारांचा पगार देत होता. तुम्ही कामगार ठेवला नाहीत, कामगाराला मालक केलंत. मालकीचा जेवढा तोटा असतो तो त्याच्याकडे, जेवढा फायदा असतो तो सुताकडे. मार्क्सनं घरोघरच्या या धंद्यावर लिहिलंय. ‘भांडवल’ या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात तो म्हणतो की व्यापारी उत्पादनावर ताबा मिळवतो तो एक रस्ता, आणि उत्पादकच व्यापारी होतो तो दुसरा. पहिल्यानं जुनी पद्धत मोडत नाही, ती तशीच टिकते आणि माणूस आणखी खंगतो. खरा बदल करणारा दुसरा. आता गंमत बघा, तुम्ही मघाशी जे सांगितलंत, चार लूमचे आठ आणि मग स्वतःचं सूत, तो मार्क्सचा दुसरा रस्ता आहे.

काका : म्हणजे मार्क्स माझ्या बाजूला?

पुतणी : विणकराच्या बाजूला. तुम्ही त्या रस्त्यावर नाक्यासारखे बसलाय.

काका : बसलोय, पण फुकट नाही बसलो. सुताचा भाव रोज हलतो, आणि तो दक्षिणेतल्या गिरण्या सांगतात. पैसे आधी मोजावे लागतात. कापड जातं ते उधारीवर, तीन-तीन महिने पैसे येत नाहीत. मधे 45 दिवसांचं कलम आलं प्राप्तिकरात, छोट्या उद्योगाचे पैसे वेळेत दिले नाहीत तर खर्च धरणार नाही. चांगलं कलम. काय झालं? मोठ्या घेणाऱ्यांनी म्हटलं, मग छोट्यांकडून घेतच नाही. माझ्याही वर सेठ आहे, पोरी. त्याच्याही वर आहे. तू सगळ्यात खालच्या पायरीवरच्या सेठला पकडलंयस, कारण तो तुझ्या घरात आहे.

हा काकांच्या बाजूचा सगळ्यात जड दगड आहे आणि तो हलवता येत नाही. विषमतेच्या गप्पांत आपण अब्जाधीश आणि भिकारी अशी दोन टोकं धरतो. बुऱ्हाणपूरचा धंदा मधल्या पायऱ्यांचा आहे. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला वरच्यानं नाडलेलं असतं आणि तो खालच्याला नाडतो, दोन्ही प्रामाणिकपणे. वाट बघण्याची ऐपत ज्याची जास्त, तो वर. विणकर आठवडाभर थांबू शकत नाही, काका तीन महिने थांबू शकतात, त्यांच्यावरचा वर्षभर. माग कुणाचा यापेक्षा थांबायची ताकद कुणाची, यावर इथली श्रीमंती ठरते. साम्यवाद्यांनी यंत्राच्या मालकीवर डोळा ठेवला, त्यांची इथे फसगत झाली. बाजारवाल्यांना वाटतं की सौदा दोघांच्या राजीखुशीनं होतो, पण एकाच्या घरी उद्याचं पीठ नाही आणि दुसऱ्याच्या घरी आहे, हे ते सौद्यात धरत नाहीत.

याच वेळी काकू चहाचे कप उचलायला आल्या.

काकू : तुमच्या दोघांच्या हिशेबात कांड्या कोण भरतं ते आलं नाही. बाण्याच्या कांड्या. घरची बाई भरते, पोरी भरतात, शाळेतून आल्यावर. मजुरी मीटरची असते, ती त्याच्या हातात पडते. माझ्या वहीत कांडीचा रकाना नाही. मार्क्सच्या वहीत आहे का गं?

पुतणी : फारसा नाही, काकू.

काका : घ्या.

पुतणी : तुम्ही हसू नका, तुमच्या वहीतही नाही.

काका : बरं, तर मग करायचं काय? शिव्यांची सोय नसलेली क्रांती नको, हे तूच म्हणालीस. सरकारनं घ्यायचं नाही, ताप्ती मिल बघितलीस. मी गेलो तर माझ्या जागी दुसरा येईल.

पुतणी : फैजपूर इथून किती लांब?

काका : रावेर, सावदा, मग फैजपूर. दीड तास धर. का?

पुतणी : 1936 च्या डिसेंबरात तिथे काँग्रेस भरली. खेड्यातलं पहिलं अधिवेशन. नेहरू अध्यक्ष, मानवेंद्रनाथ रॉय तुरुंगातून सुटून नुकतेच आलेले, साने गुरुजी स्वयंसेवकांत. तिथे शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम ठरला. त्यात साधनं ताब्यात घ्या असं नव्हतं. खंड कमी करा, न परवडणाऱ्या जमिनीचा सारा माफ करा, कर्जाला स्थगिती द्या, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी द्या. म्हणजे काय? थांबायची ताकद द्या.

काका : आणि पुढे?

पुतणी : पुढे जिथे सहकार झाला तिथे थोडी मिळाली. प्रवरेला विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी साखर कारखाना काढला, तेव्हा ऊसवाल्याला गुऱ्हाळाच्या व्यापाऱ्यापुढे उभं राहता आलं.

काका : आणि तिथले चेअरमन? त्यांच्या गाड्या बघितल्यास? सहकाराचा सेठ तर निवडून येतो, त्याला हटवायला मतं लागतात आणि मतं ऊसच देतो. आपल्याही जिल्ह्यात झिरीला सहकारी साखर कारखाना आहे, मला सहकार शिकवू नको.

पुतणी : शिकवत नाही. एक योजना विचारते. 2017 मध्ये केंद्रानं पॉवरटेक्स काढली, तीत सूत बँक होती. विणकरांनी मिळून संघ करायचा, सरकार 2 कोटींपर्यंत बिनव्याजी निधी देणार, त्यातून घाऊक भावात सूत आणायचं आणि आपसात वाटायचं. माग त्यांचा, सूतही त्यांचं. तुम्हाला ठाऊक होती?

काका : होती.

पुतणी : कुणाला सांगितलीत?

काका : मी का सांगू? माझं दुकान आहे ते. आणि समज केला संघ. सूत भरलं, दुसऱ्या आठवड्यात भाव पडला. गोदामातल्या मालाचा तोटा कोण सोसणार? आज मी सोसतो.

पुतणी : आणि भाव चढला की?

काका : तेव्हाही मालक मीच.

पुतणी : मग तोटा सांगताना हेही सांगत जा.

काका : सांगतो. पण तोटा सोसायची तयारी असल्याशिवाय नफा मागू नका, एवढंच माझं म्हणणं. त्यांनी संघ करावा, मी आडवा येणार नाही. माझ्याकडूनच सूत घ्यावं हवं तर, सगळ्यांनी मिळून, रोखीनं.

पुतणी : आज उधारीवर देता त्याच भावानं?

काका : रोखीचा भाव वेगळा असतो.

पुतणी : किती वेगळा?

काका : ते मालावर आहे, काउंटवर आहे, सीझनवर आहे, असं एका आकड्यात नाही सांगता येत.

काकू : किलोमागे सांगू, की महिन्यामागे?